विश्लेषण : ई-इन्व्हॉइसवरील क्यूआर कोडमागचा ६१७ अंकी आकडा किती भक्कम?

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपासून भोसरी, तळवड्यापर्यंतच्या पट्ट्यातून रोज सुट्या भागांचे टेम्पो आणि ट्रक बाहेर पडतात. चालकाकडील बिलावर एक चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. गेटवरचा सुरक्षारक्षक, स्टोअरचा कारकून किंवा रस्त्यात गाडी थांबवणारा जीएसटी अधिकारी तो स्कॅन करतो आणि बिल खरे की बनावट हे काही सेकंदांत समजते. हा विश्वास कोणत्याही शिक्क्यावर किंवा सहीवर उभा नाही. ६१७ अंकी एका पूर्णांकाचे दोन अवयव कोणालाही शोधता येत नाहीत, एवढाच त्याचा आधार आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने अशा आकड्यांचा वापर २०३० नंतर कमी करत २०३५ नंतर बंद करण्याचा आराखडा मांडल्यामुळे हा आधार किती काळ टिकेल, हा प्रश्न आता उद्योगांसमोर आहे.

क्यूआर कोडमध्ये नेमके काय असते?

ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाली. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. त्यामुळे मोठ्या वाहन कंपन्यांना माल पुरवणारे प्रेस शॉप, मशिनिंग आणि प्लेटिंगचे अनेक मध्यम कारखानेही तिच्या कक्षेत आले. काही अपवाद वगळता, दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला दिलेले प्रत्येक बिल आधी सरकारमान्य पोर्टलवर नोंदवावे लागते.

पोर्टल दोन गोष्टी परत देते. पहिली म्हणजे आयआरएन हा ६४ अक्षरांचा क्रमांक. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक एकत्र करून तो गणिताने काढला जातो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. दुसरी म्हणजे स्वाक्षरी केलेला क्यूआर कोड. त्यात विकणारा आणि घेणारा यांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, मुख्य वस्तूचा एचएसएन कोड, आयआरएन आणि या सगळ्यावर पोर्टलची डिजिटल स्वाक्षरी असते.

जीएसटी क्रमांकातही गणित दडलेले आहे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पंधरावे अक्षर हे आधीच्या चौदा अक्षरांवरून ३६ ने भागून काढलेले ‘तपासणी अक्षर’ असते. टायपिंगमध्ये एखादे अक्षर चुकले तर हिशेब लगेच बिघडतो. मात्र ही सोय चुकीसाठी आहे, लबाडीसाठी नाही. पंधरावे अक्षर कोणालाही काढता येते. लबाडी रोखण्याचे काम स्वाक्षरीचे.

स्वाक्षरी म्हणजे आकड्यांचा कोणता खेळ?

पोर्टलच्या स्वाक्षरीमागे आरएसए ही पद्धत आहे. रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर आणि लिओनार्ड अॅडलमन यांनी ती १९७७ मध्ये मांडली. गणिताच्या ज्या शाखेतून ती आली तिला मराठीत संख्या सिद्धांत म्हणतात. संख्याशास्त्र म्हणजे आकडेवारीचे शास्त्र आणि अंकशास्त्र म्हणजे भविष्य सांगणाऱ्यांचे, त्यामुळे इथे गल्लत सहज होते. पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास ही दीर्घकाळ निव्वळ हौसेची गोष्ट मानली जात असे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ सारख्या संख्यांचे गुणधर्म वही-पेन्सिलीने शोधत होते, तेव्हा याच शाखेवर एक दिवस बिले चालतील असे कोणाला वाटले नसावे.

पद्धत छोट्या आकड्यांवर पाहता येते. ११ आणि १७ या दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार १८७. हा आकडा जाहीर करायचा, सोबत ३ हा घातांकही. दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून गुणले की १० × १६ = १६० मिळतात. आता ३ ने गुणल्यावर १६० ने भागून बाकी १ उरेल असा आकडा शोधायचा. तो १०७ आहे, कारण ३ × १०७ = ३२१, म्हणजे १६० ची दुप्पट अधिक १. हा १०७ गुप्त ठेवायचा.

समजा बिलाचा गोषवारा ५ हा आकडा आहे. पोर्टल ५ चा १०७ वा घात काढून १८७ ने भागते. बाकी उरते ११३. हीच स्वाक्षरी. तपासणारा ११३ चा घन काढतो, म्हणजे १४,४२,८९७, आणि १८७ ने भागतो. बाकी पुन्हा ५. जुळले, म्हणजे स्वाक्षरी खरी. कोणी बिलाची रक्कम बदलली तर गोषवारा ५ राहणार नाही आणि हिशेब फसेल. तपासण्यासाठी १८७ आणि ३ पुरेसे आहेत, पण नवी स्वाक्षरी करायची तर १०७ हवा. १०७ साठी १६० हवा आणि १६० साठी १८७ चे अवयव.

१८७ चे अवयव सहावीतला विद्यार्थीही काढेल. म्हणून प्रत्यक्षात ११ आणि १७ च्या जागी प्रत्येकी ३०० हून अधिक अंकांच्या मूळ संख्या असतात. भारतात डिजिटल स्वाक्षरीच्या आरएसए किल्लीचा गुणाकार किमान २०४८ बिटांचा, म्हणजे दशमान पद्धतीत साधारण ६१७ अंकी असावा लागतो. त्याला केवळ चार विभाजक असतात : १, तो स्वतः आणि त्या दोन मूळ संख्या.

एवढ्या मूळ संख्या मिळतात कुठून, असा प्रश्न पडेल. त्या मुबलक आहेत. २ च्या १०२४ व्या घाताच्या आसपास साधारण दर ७१० संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते. या आकाराच्या मूळ संख्यांची एकूण गणती १ वर ३०५ शून्ये इतकी भरते. दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येसाठी १ वर सुमारे ८० शून्ये पुरतात. संख्या मूळ आहे की नाही हे तिचे अवयव न शोधताही झटपट ठरवता येते. हे काम नेहमीच वाजवी वेळेत आणि खात्रीने होऊ शकते, हे आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. मूळ संख्या ओळखणे सोपे आणि गुणाकार उलगडणे अवघड, या तफावतीवरच सगळा डोलारा उभा आहे.

आतापर्यंत किती मोठा आकडा फोडला गेला?

आरएसएच्या जनकांनी १९७७ मध्येच १२९ अंकी आकडा जाहीर करून तो फोडणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस ठेवले होते. त्यासाठी अब्जावधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी १९९४ मध्ये, अवघ्या १७ वर्षांत तो फोडला. संगणक वेगवान झाले हे त्याचे अर्धेच कारण. अवयव शोधण्याच्या नव्या गणिती युक्त्या सापडल्या, हे उरलेले अर्धे. यातली अवघड गोष्ट अशी की, हे काम कायम अवघडच राहील असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी (८२९ बिटांचा) आकडा फोडला गेला. त्यासाठी एका संगणक-गाभ्याची सुमारे २,७०० वर्षे खर्ची पडली, अर्थात हजारो गाभे एकाच वेळी वापरून. ८२९ वरून २०४८ हे अंतर अडीचपट दिसते, पण ज्ञात पद्धतींनी काम शेकडो अब्ज पटींनी वाढते. ‘आरएसए-२०४८’ नावाचा ६१७ अंकी आकडा आव्हान म्हणून जाहीर झाला होता. त्यावर दोन लाख डॉलरचे बक्षीस होते. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली, तरी तो आकडा आजही अभेद्य आहे.

मग सगळे सुरक्षित आहे का?

आकडा मोठा असणे पुरेसे नाही, तो नीट बनवलेला असावा लागतो. गेल्या दीड दशकातील बहुतेक पडझड या एका गोष्टीमुळे झाली आणि कारखान्यांच्या दृष्टीने हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ असल्या तर काय होते पाहा. ८,६३३ चे अवयव हवे आहेत. त्याचे वर्गमूळ ९३ च्या किंचित खाली. ९३ चा वर्ग ८,६४९. फरक १६, म्हणजे ४ चा वर्ग. शाळेतील ‘अ वर्ग वजा ब वर्ग’ हे सूत्र लावले की (९३ − ४) × (९३ + ४), म्हणजे ८९ × ९७. एका ओळीत काम संपले. सतराव्या शतकात फर्मा यांनी सांगितलेली ही युक्ती ६१७ अंकी आकड्यावरही तितकीच चालते, अट एवढीच की दोन्ही अवयव शेजारी-शेजारी असावेत. २०२२ मध्ये हानो बोक यांनी नामांकित कंपन्यांच्या काही कार्यालयीन प्रिंटरमधील किल्ल्या नेमक्या या युक्तीने फोडून दाखवल्या.

दुसरी चूक याहून सर्रास आढळते. समजा दोन उपकरणांचे जाहीर आकडे ८,६३३ आणि ९,१६७ आहेत. एकेकट्याचे अवयव शोधत बसण्याऐवजी दोघांचा मसावि काढा. ९,१६७ मधून ८,६३३ वजा केले की ५३४ उरतात. ८,६३३ ला ५३४ ने भागले की बाकी ८९. आणि ५३४ ला ८९ ने पूर्ण भाग जातो. मसावि ८९. तीन पायऱ्यांत दोन्ही आकडे फुटले, कारण त्यांच्यात एक मूळ संख्या सामाईक होती.

मूळ संख्या इतक्या मुबलक असताना दोन यंत्रे तीच संख्या कशी निवडतील? याचे उत्तर २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन स्वतंत्र गटांनी दिले. त्यांनी इंटरनेटवरील लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले. एका गटाला दर हजारात सुमारे दोन आकडे असे कुचकामी आढळले. त्यातील बरेचसे राऊटर, फायरवॉल अशा डबाबंद उपकरणांचे होते. अशी उपकरणे पहिल्यांदा वीज मिळताच किल्ली बनवतात. त्या क्षणी यंत्राकडे यादृच्छिकतेचा कोणताही साठा नसतो. माउस हलत नाही, डिस्क फिरलेली नसते, घड्याळही कारखान्यातून निघाले तसेच असते. एकाच साच्यातील हजारो डबे मग जवळपास एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात आणि तीच मूळ संख्या पुन्हा निवडतात.

सीएनसी यंत्रांना जोडलेले गेटवे, ऊर्जामापक, कॅमेरे, पीएलसीला नेटवर्कवर आणणारे छोटे बॉक्स यांची रचना याच जातकुळीची आहे. शॉप फ्लोअरवर असे उपकरण बसवताना किंमत आणि डिलिव्हरीची तारीख विचारली जाते. किल्ली कशी बनते, हे खरेदी विभाग क्वचितच विचारतो.

तिसरे उदाहरण एस्टोनियाचे. २०१७ मध्ये तेथील सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांतील चिपमध्ये दोष निघाला. मूळ संख्या लवकर मिळावी म्हणून चिपचे सॉफ्टवेअर त्या एका ठरावीक साच्यातून निवडत होते. परिणामी जाहीर आकड्याला लहान मूळ संख्यांनी भागल्यावर येणाऱ्या बाक्या ठरावीकच असत. नुसत्या बाक्या पाहूनच कमकुवत आकडा ओळखू येई. सरकारला लाखो प्रमाणपत्रे तात्पुरती स्थगित करावी लागली.

क्वांटम संगणकाने काय बदलते?

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की क्वांटम संगणक अवयव शोधण्याचे काम झपाट्याने करू शकेल. कल्पना संख्या सिद्धांतातलीच. १५ घ्या. २ चे घात १५ ने भागत गेल्यास बाक्या येतात २, ४, ८, १ आणि पुन्हा तेच. चक्र चारचे. चारचा निम्मा दोन. २ चा वर्ग ४. त्यात एक वजा आणि एक मिळवला की ३ आणि ५, हेच १५ चे अवयव. मोठ्या आकड्यांसाठी हे चक्र शोधणे साध्या संगणकाला जमत नाही, क्वांटम संगणकाला जमते. २००१ मध्ये १५ हा आकडा या मार्गाने प्रत्यक्ष फोडला गेला. ६१७ अंकांपर्यंतचा पल्ला अजून दूर आहे.

किती दूर, हा अंदाज मात्र झपाट्याने खाली येत आहे. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांच्या हिशेबाने २०४८ बिटांचा आकडा फोडायला दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागले असते. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच हा आकडा दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इतका खाली आणला. तुलनेसाठी, २०२३ अखेर आयबीएमने जाहीर केलेल्या प्रोसेसरमध्ये १,१२१ क्युबिट होते. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे (एप्रिल २०२३ मध्ये मंजूर, ६,००३.६५ कोटी रुपये) आठ वर्षांचे उद्दिष्ट ५० ते १,००० क्युबिटचे आहे. उद्या सकाळी बिले बनावट होतील, हा गवगवा म्हणूनच निराधार आहे.

चाकण-भोसरीने आत्ताच विचार का करावा?

कारण कागदाचे आणि वाहनाचे आयुष्य मोठे असते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२५-२६ या वर्षाच्या बिलांसाठी ही मुदत डिसेंबर २०३२ पर्यंत जाते. म्हणजे आज छापलेली स्वाक्षरी वादाच्या वेळी २०३० च्या रेषेपलीकडे तपासली जाऊ शकते.

वाहनांचा हिशेब आणखी लांबचा. या पट्ट्यात टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. आजच्या वाहनातील नियंत्रक सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी तपासतात. युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अद्ययावतीकरणाचे संयुक्त राष्ट्रांचे नियम (आर १५५ आणि आर १५६) लागू आहेत. आज असेंब्ली लाइनवरून उतरलेले वाहन पंधरा वर्षे चालले तर २०४० उजाडेल. तपासणीची किल्ली बदलता न येण्याजोग्या जागी कोरलेली असेल तर ती बदलायला गाडी परत बोलवावी लागेल. आरएसएऐवजी वापरली जाणारी एलिप्टिक कर्व्ह पद्धतही शोर यांच्या मार्गापुढे टिकत नाही.

पर्याय तयार आहेत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन नवी मानके जाहीर केली. अडचण आकाराची आहे आणि ती बिलावर थेट दिसेल. आरएसए-२०४८ ची स्वाक्षरी २५६ बाइटची. नव्या एमएल-डीएसए मानकातील सर्वांत लहान स्वाक्षरी २,४२० बाइटची. ती सध्याप्रमाणेच अक्षरांत रूपांतरित केली तर ३,२०० हून अधिक अक्षरे होतात, तर सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये या पद्धतीने २,९५३ बाइटच मावतात. बिलाचा मजकूर राहिला बाजूलाच, नुसती स्वाक्षरीही बसत नाही. फाल्कन नावाच्या पद्धतीची स्वाक्षरी ६६६ बाइटच्या आसपास असल्याने ती सोयीची ठरू शकते, पण २०२४ च्या तीन मानकांत ती नव्हती. पर्याय कोणताही निवडला तरी बिलाचा नमुना, ईआरपी सॉफ्टवेअर, छपाईचे यंत्र आणि गेटवरचा स्कॅनर या सगळ्यांना हात लावावा लागेल. हा खर्च पुरवठा साखळीत खालपर्यंत झिरपतो, हे ई-इन्व्हॉइसच्या पहिल्या फेरीत लघुउद्योजकांनी अनुभवले आहे.

यंत्रणेतील कोणत्या वस्तूत कोणती किल्ली आणि पद्धत आहे याची यादी ठेवण्याबाबत सर्ट-इनने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. लहान कारखान्यासाठी ही यादी एका पानाचीही असू शकते.

गणित भक्कम असूनही फसवणूक का होते?

स्वाक्षरी फक्त इतकेच सांगते की हे बिल पोर्टलवर नोंदले गेले आणि नंतर बदलले गेले नाही. टेम्पोत खरोखर तेवढा माल आहे का, विकणारी कंपनी कागदावरचीच तर नाही ना, हे ती सांगत नाही. खऱ्या क्यूआर कोडची छायाप्रत दुसऱ्या गाडीतील मालासोबतही फिरू शकते. बोगस बिलांची प्रकरणे उघडकीस येतात ती बहुधा या वाटेने. ६१७ अंकी आकड्याला त्यात कोणी हात लावलेला नसतो.

आणि मग डीएससी टोकन. कंपनी निबंधकांकडील अर्ज, ई-निविदा, भविष्यनिर्वाह निधीची कामे यांसाठी संचालकाच्या नावाचे छोटे यूएसबी टोकन लागते. त्यातील खासगी किल्ली बाहेर काढता येऊ नये अशी चिपची रचना असते. अनेक लहान कारखान्यांत मात्र हे टोकन वर्षभर सीएच्या किंवा अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असते आणि पिन त्याच पाकिटावर लिहिलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४२ खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी थेट प्रमाणपत्रधारकावर टाकते. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे लागते आणि कळवेपर्यंत झालेल्या व्यवहारांची जबाबदारी धारकाचीच राहते. पिन बदलायला पाच मिनिटे लागतात. टोकन परत मागायला भीड पडते, ही खरी अडचण.